कोकणी माणूस आळशी? आधी सातबारा उघडून बघा

सड्यावरचा:
परवा डबा खाताना साताऱ्याकडचा एक मित्र म्हणाला, "तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तुमच्याकडे, तरी जमिनी ओसाड. आळशी आहात तुम्ही लोक." हे टोमणे लहानपणापासून ऐकतोय, पण या वेळी घास अडकला.

आमचं गाव लांजा तालुक्यात. आजोबांचे आजोबा खोताची, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची, कुळं. भात पिकलं की निम्मं खोताच्या अंगणात, वर वेठ वेगळी. जी जमीन कधीही हातातून काढून घेतली जाईल, तिला बांध कोण घालणार? विहीर कोण खणणार? अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं जमिनी न कसता संप केला, नारायण नागू पाटील पुढे होते. उपाशी राहून सहा वर्षं टिकणारी माणसं आळशी? १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, पुढच्या जानेवारीत हजारो कुळं मुंबईत मोर्चाने गेली. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर घरटी एक माणूस गिरणीत लागला होता.

घाटमाथा_७२:
तो मित्र मी नव्हे, पण मत तेच आहे. खोती जाऊन पंचाहत्तर वर्षं झाली, अजून किती दिवस तिच्या नावाने खडे फोडणार? त्याच सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. तिथे काय कमी दुष्काळ होता? तुमच्याकडे दोन भाऊ एका बांधावरून वीस वर्षं कोर्टात जातात, पण एकत्र येऊन सोसायटी चालवत नाहीत. आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून गडी येतात. मग गावातली पोरं कुठे असतात?

सड्यावरचा:
पोरं कुठे असतात? विरार, दिवा, नालासोपारा. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली तरी परत गावी आली नाहीत, हे मान्य.
पण प्रवरेला कालवा होता. आमचं पाणी चार महिन्यांत समुद्राला मिळतं आणि एप्रिलमध्ये बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. आणि १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हा याच 'आळशी' लोकांनी कातळात खड्डे मारून काजू-कलमं लावलीच की. अर्थात ज्यांचा सातबारा स्वतंत्र होता त्यांनी. आमच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत, त्यातली नऊ माणसं वारली.

काजूबोंडू:
दोघेही 'माणूस' म्हणताय म्हणजे पुरुषच ना? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका. पुरुष मुंबईत, तरवा काढायला, लावणीला, गुरांना, म्हाताऱ्यांना आम्ही. माझ्या सासूने तीस वर्षं शेत केलं. सातबाऱ्यावर तिचं नाव सासरे गेल्यावर लागलं, तेही वारस म्हणून, बाकी चौघांच्या जोडीने. कर्ज काढायचं तर दिरांची सही. एक दीर बडोद्याला, फोन उचलत नाही. आळशी कोण ते तुम्ही ठरवा, मला उद्या पहाटे मळ्यात जायचंय.

घाटमाथा_७२:
ताई, तुमचं म्हणणं बिनतोड आहे. पण मग भांडण इतिहासाशी नाही, भावकीशी आहे. पोटहिस्सा मोजून घ्यायला खोताने अडवलंय का?

सड्यावरचा:
खोताने नाही. पण जमीन कसून मिळालेली नव्हती, मिळाली तेव्हा माणूस मुंबईला होता आणि कागदावर फक्त नाव चढलं. त्यामुळे ती 'कसायची' न राहता 'हक्काची' झाली. हक्क कोणी सोडत नाही आणि कोणी वापरतही नाही. हे मी आत्ता लिहिता लिहिता कबूल करतोय, मित्राला सांगू नका.
गणपतीला सगळे येतील तेव्हा वाटपाचा विषय काढतो.

कुडाळकर:
मुंबयत बसान बोलूक काय जाता! सातबाऱ्याचो विषय काढलंस तर आरतीक पण कोण येवचो नाय.