एक नाव, दोन नामवंत: घोटाळा कुठे होतो, कसा टाळता?

मराठीत आडनावं मोजकी, त्यातून शरद, संजय, राम ही नावं घरोघर. वेगवेगळ्या क्षेत्रांतली दोन मोठी माणसं एकाच नावाची निघणारच. लेखन, नोंदी, फोटो यांच्या कामात अशा जोड्या हाताळणाऱ्यांनी आपली पद्धत लिहावी. नुसती यादी नको, चूक कशी होते तेही येऊ द्या.

कात्रणवही
सर्वांत फसवी जोडी शरद जोशींची. शेतकरी संघटनेचे शरद अनंतराव जोशी: जन्म सातारा, १९३५, निधन २०१५. हिंदी व्यंगकार शरद जोशी: जन्म उज्जैन, १९३१, निधन १९९१. दोघेही स्तंभलेखक, त्यामुळे 'लेखक' एवढी खूण पुरत नाही. आधी साल बघा. १९९१ नंतरच्या घटनेवरचा मजकूर व्यंगकारांचा असूच शकत नाही. त्याआधीच्या दशकात मात्र दोघेही लिहीत होते, तिथे भाषा आणि विषय तपासल्याशिवाय अवतरण कुणाच्याच नावावर टाकू नका.

दाखलपत्र
ग्रंथालयात क्रम असा: आडनाव, नाव, वडिलांचं नाव, जन्म-मृत्यूची सालं. 'जोशी, शरद' एवढ्यावर थांबलात की दोघांची पुस्तकं एका नावाखाली जमा होतात. मग ती सोडवायला एकेक प्रत हातात घेऊन आतलं पान बघत बसा! हिंदी लेखकांच्या नावात वडिलांचं नाव बहुधा नसतंच, म्हणून तिथे सालावाचून गत्यंतर नाही. साल मिळालंच नाही तर अंदाजाने घालू नये. कंसात व्यवसाय लिहावा. हयात व्यक्तीच्या जन्मसालापुढे रेघ मारून जागा मोकळी सोडायची.

रिळांचा डबा
'पिंजरा'चे (१९७२) संगीतकार राम कदम आणि घाटकोपर पश्चिमचे आमदार राम कदम. यात माणूस गोंधळत नाही, संगणक गोंधळतो. फोटो आपोआप जोडायला सांगितलं की तो बातम्यांत जास्त दिसणारा चेहरा उचलणार. फोटो हातानेच लावा आणि फाइलच्या नावातच 'संगीतकार' घाला. मोहन जोशींचं प्रकरण जरा नाजूक. अभिनेते मोहन जोशी नाट्य परिषदेचे अध्यक्ष होते, आणि काँग्रेसचे मोहन जोशी २०१९ला पुण्यातून लोकसभेला उभे होते. म्हणजे 'निवडणूक' हा शब्द घालून शोधलं तरी दोघेही हजर! संजय जाधवांत तेवढी अडचण नाही. दिग्दर्शक ते संजय, परभणीच्या खासदारांना सगळे बंडू जाधव म्हणतात.

थर्डमॅन
उमेश कुलकर्णी घ्या. एक 'वळू'चे दिग्दर्शक. दुसरे १९४२ साली अलिबागला जन्मलेले डावखुरे गोलंदाज, १९६७-६८च्या मोसमात चार कसोटी खेळलेले. धावफलकावर यू. एन. कुलकर्णी, दिग्दर्शक उमेश विनायक. मधलं अक्षर गाळलं की जोडी चिकटली. वर्तमानपत्रं ते पहिल्या परिच्छेदातच गाळतात, म्हणून नोंद करताना बातमीवर नव्हे, धावफलकावर विसंबा.

शाई
क्षेत्रही एकच असेल तर पंचाईत. जयंत राजाराम पाटील इस्लामपूरचे, राष्ट्रवादीचे. जयंत प्रभाकर पाटील अलिबागचे, शेकापचे. पहिले विधानसभेत, दुसरे अनेक वर्षं विधान परिषदेत. 'आमदार जयंत पाटील' लिहून काहीच कळत नाही, पक्ष किंवा वडिलांचं नाव हवंच.

मतपत्रिकेसाठी तर नियमच आहे: उमेदवार एकाच नावाचे असतील तर व्यवसाय, पत्ता किंवा अन्य काही जोडून ते वेगळे दाखवायचे. तरीही २०१४ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि सुनील श्याम तटकरे या अपक्षाला नऊ हजारांवर मतं पडली. मे २०१५पासून यंत्रावरच्या मतपत्रिकेत उमेदवाराचा फोटो येतो.

दाखलपत्र
@शाई, पक्षावर फार भिस्त नको. राम कदम २००९ला मनसेचे आमदार होते, २०१४ला भाजपचे. नोंदीत पक्ष लिहायचाच तर सोबत साल लिहा.