कोनिंब्रिगाचे रोमन अवशेष वयस्कर व्यक्तीसोबत पाहता येतील का?

विचारणा (मडगाव)
नमस्कार. येत्या मे महिन्यात आईला घेऊन मी लिस्बनला बहिणीकडे जाणार आहे. आईने शाळेत इतिहास शिकवला; गोव्यातल्या चांदरला प्राचीन चंद्रपूर नगराचे अवशेष तिनेच आम्हांला बोट धरून दाखवले. एखादे रोमन नगर पाहावे ही तिची फार जुनी इच्छा आहे, परंतु तिचे गुडघे दुखतात आणि आमच्या हाती एकच दिवस आहे. एव्होराचे रोमन देऊळ पाहावे की कोइंब्राजवळचे कोनिंब्रिगा?

उत्तर (पणजी)
एव्होराचे ग्रॅनाइटचे खांब सुंदर आहेत, पण ते एक देऊळ आहे, नगर नव्हे. आईंची इच्छा नगराची असेल, तर कोनिंब्रिगालाच जावे. तेथे चौक, स्नानगृहे, दुकाने आणि घरांचे पाये तर आहेतच. पण मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो तटबंदीपाशी. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात आक्रमणांच्या भीतीने तेथील लोकांनी नगराच्या मधूनच ही भिंत घातली, वाटेत आलेली घरे पाडली आणि त्यांचेच दगड तिच्यात रचले. खेळांचे रंगमंडल (अँफिथिएटर) आणि कित्येक श्रीमंत घरे बाहेरच राहिली. एवढे करूनही ४६८ मध्ये स्वेबी या जर्मानिक टोळीने नगर घेतले. पुढे बिशपचे पीठ जवळच्या एमिनियमला गेले आणि नगराचे नावही त्याच्यामागून गेले. आजचे कोइंब्रा ते हेच. आपल्या पणजीला १८४३ मध्ये ‘नोव्हा गोवा’ (नवे गोवे) म्हटले गेले, त्याची मला तेथे आठवण झाली.

उत्तर (फोंडा)
वरील मताशी मी सहमत आहे. फक्त तेथील ‘कारंज्यांचे घर’ या रोमन वाड्यासाठी निवांत वेळ राखावा, कारण त्याची मोझेकची (रंगीत खड्यांच्या चित्रांची) फरशी, मधली बाग आणि पाण्याची ५००हून अधिक तोंडे जागच्या जागी पाहायला मिळतात. त्यावर छप्पर आहे, शिवाय कडेच्या मार्गावरून शांतपणे पाहता येते. फरशीवरच्या चित्रातला, मेडुसा राक्षसीचे शिर हाती घेतलेला ग्रीक पुराणकथेतील वीर पर्सियस मात्र आईंना आवर्जून दाखवा. उरलेल्या भागात सावली कमी असून जमीन खडबडीत आहे. काठी व टोपी न्यावी, सकाळीच पोहोचावे आणि ऊन चढल्यावर संग्रहालयात बसावे. कोइंब्राहून थेट बस थोड्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच विचारून ठेवावी.

उत्तर (पणजी)
मी मात्र संग्रहालय आधी पाहण्यास सांगेन. तेथील वस्तू पाहिल्यावर उघड्या जोत्यांवर उभे राहिलेले घर डोळ्यांपुढे येते.

विचारणा (मडगाव)
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आईला तटबंदीची हकीकत वाचून दाखवली, तेव्हा तिने लगेच विचारले की पाडलेल्या घरांचे कोरीव दगड त्या भिंतीत आजही ओळखता येतात का?

उत्तर (पणजी)
होय, काही ठिकाणी खांबांचे तुकडे सहज दिसतात. त्यांना तेथे थोडे थांबू द्या.