मदत हवी आहे : ग्वेन स्टेसीची गोष्ट सांगली-मिरजेत कुणाकडे आहे का? शनिवारच्या आत

आयर्विनखालचा

मंडळी, तातडीचं आहे. ग्वेन स्टेसीच्या मृत्यूची गोष्ट, छापील, चांगल्या अवस्थेतली, सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात कुणाकडे आहे का? एका संध्याकाळपुरती द्या, दुसऱ्या दिवशी घरपोच परत करतो. दुकानांत विचारून झालं. एका ठिकाणी स्पायडरमॅन म्हटल्यावर शाळेचं दप्तर पुढे केलं. ऑनलाइन मागवलं तर पुढच्या आठवड्यात येईल म्हणतात, तोवर उपयोग नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : 'अमेझिंग स्पायडरमॅन', अंक १२१ आणि १२२, साल १९७३. लेखन गेरी कॉन्वे, चित्रं गिल केन, शाई जॉन रोमिटा. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक पीटरच्या, म्हणजे स्पायडरमॅनच्याच, मैत्रिणीला, ग्वेनला, पुलावर नेतो, खाली ढकलतो, स्पायडरमॅन जाळं टाकून तिला पकडतो, आणि वर ओढून घेतो तेव्हा ती मेलेली असते. तोपर्यंत नायकाची नायिका मरत नसे, शेवटच्या पानावर वाचायचीच. इथे वाचली नाही. गोष्टीचं नावसुद्धा पहिल्या पानावर दिलेलं नाही, १२१ च्या अखेरीस दिलंय, म्हणजे आधी कुणाला सुगावा लागू नये. कॉन्वे तेव्हा अवघा विशीचा होता!

आमच्या वाचनकट्ट्यावर शनिवारी माझी पाळी आहे. आधीच्या पाळीला एकांनी तुकोबा घेतले होते, त्यामुळे 'कॉमिक' म्हटल्यावर काय चेहरे झाले ते सांगत नाही. लवकर कळवा.

जुनी_रद्दी

कुठली आवृत्ती हवी? मूळ अंक, पुनर्मुद्रण की संग्रह? रंगीत की कृष्णधवल? किती लोक आहेत? तुमच्याकडे आत्ता काय आहे? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

कोथरूडकर

'डेथ ऑफ द स्टेसीज' घ्या आणि मोकळे व्हा. त्यात ८८ ते ९२ आणि पुढे १२१-१२२ असे अंक एकत्र आहेत. ९० मध्ये ग्वेनचे वडील, कॅप्टन स्टेसी, एका पोराला वाचवताना ढिगाऱ्याखाली सापडतात आणि मरताना पीटरला नावाने हाक मारून ग्वेनला सांभाळ म्हणतात. ते वाचल्याशिवाय १२१ चा घाव बसतच नाही. पुण्यात सहज मिळेल.

पॅनेल_दर_पॅनेल

@कोथरूडकर, मधले तीस अंक गाळून कसला घाव? घ्यायचं तर एपिक कलेक्शनचा सातवा खंड घ्या, १०५ ते १२३ सलग. १२१ सुरू होतो तेव्हा पीटरचा मित्र हॅरी ऑस्बॉर्न एलएसडी ही नशा करून अंथरुणाला खिळलेला आहे. बापाचं, म्हणजे गॉब्लिनचं, डोकं पुन्हा फिरायला पोराचं आजारपण हे एक कारण आहे. तुमच्या निवडक संग्रहात ते 'अचानक' वाटतं.

कोथरूडकर

हॅरीची गोळ्यांची भानगड ९६ ते ९८ मध्ये सुरू होते, ते अंक तुमच्या सातव्या खंडात तरी कुठे आहेत? आणि शनिवारपर्यंत माणसाने एकोणीस अंक वाचायचे?

पॅनेल_दर_पॅनेल

वाचायचे की. कुणी अडवलंय?

आयर्विनखालचा

अहो, 'डेथ ऑफ द स्टेसीज' माझ्याकडे आहे. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेलं. शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलंय. मला ते पान हवंय.

जुनी_रद्दी

मग हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं!

आयर्विनखालचा

'चांगल्या अवस्थेतली' असं लिहिलंय की. म्हणजे पानं असलेली, हे उघड आहे.

वखारभागातला

तुमच्याकडे १९७३ चा मूळ अंक असेल तर फाटका असला तरी विकू नका. वीस सेंट किमतीचा अंक आज लोक जपून ठेवतात. मुखपृष्ठ शाबूत आहे का? पिना गंजल्यात का? पिना काढू नका, घरी चिकटपट्टी तर अजिबात लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठा आणि पिशवी घ्या.

आयर्विनखालचा

विकायचं नाहीये. मूळ अंक नाहीये. पान हवंय.

मिरजेचे_मास्तर

मी पदार्थविज्ञान शिकवायचो, आता निवृत्त. नातवामुळे ही गोष्ट माहीत आहे. यातली खरी मौज वेगळीच आहे. समजा मुलगी ९० मीटर पडली. वेग निघतो सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी साधारण १५० किलोमीटर. जाळ्याने तिला अर्ध्या सेकंदात थांबवलं तर मंदन होतं ८४, गुरुत्व त्वरणाच्या साडेआठ पट. चित्रात तिच्या मानेपाशी बारीक अक्षरात 'स्नॅप' लिहिलेलं आहे, ते पाहा. तेव्हा पडण्याने मेली की थांबण्याने मेली, हा प्रश्न मी दरवर्षी अकरावीला घालत असे. मुलं जागी व्हायची.

पॅनेल_दर_पॅनेल

मास्तर, खुलासा मार्व्हलनेच केलाय. १२५ च्या पत्रव्यवहारात छापून आलं की झटक्यामुळे मान मोडली. तोवर गॉब्लिनचंच म्हणणं होतं, एवढ्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीला टेकण्याआधीच मरतो. ते खोटं. पॅराशूटवाले रोज पडतात.

कोथरूडकर

पण अर्ध्या सेकंदात नऊ पट म्हणजे मान मोडलीच पाहिजे असं नाही. लढाऊ विमानांचे वैमानिक तेवढं सोसतात. जाळं कुठे चिकटलं यावर आहे सगळं. पायाला चिकटलं, डोकं खाली राहिलं, हिसका मानेला बसला.

मिरजेचे_मास्तर

वैमानिक खुर्चीला जखडलेला असतो आणि त्याला सवय असते. पण मुद्दा बरोबर. त्यातून आधी पूल कुठला ते ठरवावं लागेल, उंची त्यावर.

वखारभागातला

पूल जॉर्ज वॉशिंग्टन. अंकात तसं लिहिलंय.

पॅनेल_दर_पॅनेल

लिहिलंय जॉर्ज वॉशिंग्टन, काढलाय ब्रुकलिन. जॉर्ज वॉशिंग्टनचे मनोरे पोलादी सांगाड्याचे, चित्रात दगडी मनोरा दिसतो. आपल्या आयर्विन पुलाचं चित्र काढून खाली 'अंकली पूल' लिहिण्यासारखं आहे हे. सांगलीकरांनी तरी असला घोळ खपवून घेऊ नये.

मिरजेचे_मास्तर

मग ब्रुकलिनचा मनोरा पाण्यापासून २७६ फूट, म्हणजे ८४ मीटर. माझे ९० बसत नाहीत. शिवाय ती पाण्याच्या वरच थांबली, म्हणजे त्याहून कमी. जॉर्ज वॉशिंग्टनचा मनोरा ६०४ फूट आहे, तिथे भरपूर वाव होता. पुन्हा गणित करतो.

आयर्विनखालचा

मास्तर, नंतर करा. कुणाकडे पान आहे का?

कवटीगुहा

आमच्या वेळी इंद्रजाल कॉमिक्स होती, १९६४ पासून. मराठीत वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, यायचा, वाट बघायचो. तुमच्या स्पायडरमॅनला एक मैत्रीण सांभाळता आली नाही. वेताळाने डायना पामरशी रीतसर लग्न केलं, १९७७ साली, जुळी मुलं झाली. ली फॉकने १९३६ मध्ये सुरू केलेला माणूस अजून उभा आहे. पुलावरून कुणाला पाडायची गरज पडली नाही. माझी सगळी इंद्रजाल २०१९ च्या पुरात गेली. खणभागात तळमजल्याला होतो. पाणी ५७ फुटांवर गेलं होतं त्या दिवशी.

वखारभागातला

५७ च्या वर होतं. २०२१ ला ५५ च्या आसपास. धोक्याची पातळी ४५.

जुनी_रद्दी

पुराचा धागा वेगळा आहे.

भडंग_मारके

आवो पान कशाला पायजे, तोंडानं सांगा की गोष्ट. आमच्या गावात किर्तनकार काय पुस्तक घिऊन हुबारतोय व्हय? पोरगी पडली, मेली, त्यानं गॉब्लिनला हाणला. झालं. लोक रडत्यात.

आयर्विनखालचा

@भडंग_मारके, तसं नाहीये ना, म्हणून तर एवढा जीव टाकतोय. सगळ्यांना १२१ आठवतो, पूल आठवतो, 'स्नॅप' आठवतं. पण मला विचाराल तर ही गोष्ट मोठी होते १२२ मुळे, तीही शेवटच्या पानामुळे. सूडात मजा ठेवलेली नाही. स्पायडरमॅन गॉब्लिनला मारत सुटतो, आता जीव घेणार असं वाटतं आणि हात आवरतो. मग गॉब्लिन स्वतःच्याच ग्लायडरने भोसकला जातो आणि पीटरच्या मनात काहीच उरत नाही, समाधानसुद्धा नाही. दुसऱ्या कुणी इथेच थांबवली असती.

यानंतर ते पान येतं. पीटर खोलीवर परततो तर मेरी जेन बसलेली. हीच ती सदा नाचणारी, कशाचंच सोयरसुतक नसलेली पोरगी. तो तिच्यावर खेकसतो, तुझी सख्खी आई मेली तरी तुला वाईट वाटणार नाही, चालती हो. ती रडत दारापर्यंत जाते. दार उघडते. थांबते. आणि आतूनच दार लावून घेते. एक 'क्लिक' एवढाच आवाज. १२१ मध्ये 'स्नॅप', १२२ मध्ये 'क्लिक'. शेवटच्या चौकटींत कुणी काही बोलत नाही. हे तोंडानं सांगता येतं, पण पान हातात धरून डोळा एकेका चौकटीवर थांबतो ते सांगता येत नाही. आमच्यातले सत्तरीचे अप्पा ते पान बघून काय म्हणतात हे मला बघायचंय.

आणि पुढचं सगळं यातून आलंय. १९७५ मध्ये ग्वेनचा क्लोन. १९९४ च्या 'मार्व्हल्स'मध्ये तोच पूल एका बातमीदार छायाचित्रकाराच्या नजरेतून. २०१४ च्या सिनेमात घड्याळाच्या मनोऱ्यात तेच, आणि त्याच वर्षी कॉमिकमध्ये ग्वेनच स्पायडरवुमन झाली. 'नो वे होम'मध्ये अँड्र्यू गारफील्ड पडणाऱ्या एमजेला, म्हणजे मिशेल जोन्सला, झेलतो तेव्हा त्याचा चेहरा का तसा होतो, हे ज्याने पूल पाहिलाय त्यालाच कळतं.

कोथरूडकर

मग किंडलवर घ्या ना, दोन मिनिटांचं काम. प्रोजेक्टर लावा, पान भिंतीएवढं दिसेल. एवढा धागा कशाला?

आयर्विनखालचा

कट्टा आमराईत भरतो. झाडाखाली. भिंत कुठून आणू?

जुनी_रद्दी

हेही आत्ता कळतंय.

पीडीएफ_वाला

माझ्याकडे सगळे अंक स्कॅन केलेले आहेत. व्यक्तिगत निरोप करा, लिंक देतो. रंगीत झेरॉक्स काढा आणि वाटा.

पॅनेल_दर_पॅनेल

असले चोरीचे स्कॅन इथे वाटू नका. केन आणि रोमिटा यांच्या हयातीत त्यांना पुरेसं श्रेय मिळालं नाही, निदान आता तरी पुस्तक विकत घ्या.

पीडीएफ_वाला

पुस्तक त्यांनी विकत घेतलंय, पान फाटलंय. एका पानासाठी दुसरं पुस्तक घ्यायचं? पैसे तुम्ही पाठवता का? आणि तुमच्या पैशातलं केनच्या घरी किती जातं ते सांगा.

पॅनेल_दर_पॅनेल

मुद्दा तो नाही.

पीडीएफ_वाला

मुद्दा तोच आहे.

*(यापुढचे सहा प्रतिसाद संपादकांनी अप्रकाशित केले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.)*

हरिपूरची_हळद

सगळा धागा आत्ता वाचला. माझ्याकडे १२२ ची फॅक्सिमिली, म्हणजे हुबेहूब पुनर्मुद्रण, आहे, जुन्या जाहिरातींसकट. मी हरिपुरात राहते. पण देणार नाही.

आयर्विनखालचा

ताई, एका संध्याकाळपुरती. अनामत ठेवतो. पाहिजे तर माझं पूर्ण 'मार्व्हल्स' तुमच्याकडे ठेवतो.

हरिपूरची_हळद

माझी पुस्तकं नेऊन 'उद्या आणून देतो' म्हणणारे बरेच झाले. अंक घराबाहेर जाईल तो माझ्याबरोबर. कट्ट्यावर बाहेरच्यांना येऊ देता का? मी येते, पान मी धरते, तुम्ही बोला. आणि एक सांगते, मेरी जेन दार लावते ते पीटरवर प्रेम आहे म्हणून, असलं काही सांगणार असाल तर मी तिथेच बोलणार. तिलाही ग्वेन गेल्याचं दुःख आहे. मैत्रीण होती तिची. ती स्वतःसाठी थांबते, एकटीला बाहेर जायचं नाही म्हणून. हे बहुतेक पुरुष वाचकांना दिसत नाही.

आयर्विनखालचा

हे मला सुचलं नव्हतं. तुम्हीच बोला मग, मी पुलापर्यंत सांगतो. साडेपाच वाजता आमराईच्या मोठ्या फाटकापाशी.

हरिपूरची_हळद

येते. हात धुऊन बसा सगळे. भडंग खाल्लेल्या हातांनी कुणी अंकाला शिवलं तर मी उठून जाईन.

भडंग_मारके

आमच्यावर रोख हाय व्हय ताई?

मिरजेचे_मास्तर

ब्रुकलिन धरून ७० मीटर घेतले, वेग सेकंदाला ३७ मीटर. मंदन तरीही साडेसात पट. म्हणजे पूल कुठलाही असो, पीटरने जाळं हळूहळू ताणत आणायला हवं होतं. मलाही यायला आवडेल. मिरजेहून बस किती वाजता सोयीची पडेल?

कवटीगुहा

कुणाकडे वेताळाचे मराठी अंक असतील तर तेही आणा. विकत घेईन.

जुनी_रद्दी

शनिवार म्हणजे हाच की पुढचा?