सोसायटी ग्रुप : बी-६०४ मधून आवाज कसला?

२४ एप्रिल २०२४, बुधवार

सी-१०३ (रात्री ९.२१): बी विंगमध्ये काय झालंय? कुणीतरी जोरात ओरडलं. बाळ आत्ता कुठे झोपलं होतं 😣

ए-२०१: पंत!! मोहित शर्माच्या शेवटच्या ओव्हरला ३१ काढले, ८८ नाबाद. तेच असणार.

सी-१०३: नाही रे, क्रिकेटचं ओरडणं मला कळतं. हे वेगळं होतं. कुणी पडलं-बिडलं का?

सी-१०३: परत!!

सेक्रेटरी: वॉचमनला वर पाठवत आहे. सदस्यांनी घाबरू नये.

बी-६०४ काकू: नका पाठवू. आमचेच आहेत हे. फुटबॉल.

बी-६०४ काकू: दोन तास तोंड पाडून बसले होते. मी ताट वाढायला घेतलं आणि तेवढ्यात हे सुरू झालं. आता जेवायला या म्हणतेय तर म्हणतात तू तिथेच स्वयंपाकघरात उभी राहा, हलू नकोस.

सी-१०३ (९.२८): तिसऱ्यांदा 🙏🙏

बी-६०४ काका: १०३, मनापासून माफी मागतो. बाळाचीही. पण ऐका. आयएसएल, म्हणजे फुटबॉलची इंडियन सुपर लीग, तिच्या प्लेऑफची सेमीफायनल, पहिली मॅच गोव्यात फातोर्ड्याला. एफसी गोवा २-०. बोरिस सिंग, मग ब्रँडन. ८९ मिनिटं आम्ही काहीच खेळलो नाही. आणि मग ९०व्या मिनिटाला छांगते, ९१व्याला विक्रम प्रताप, ९६व्याला पुन्हा छांगते. मुंबई सिटी ३, गोवा २. असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

बी-६०४ काका: एकदाच ओरडलो असतो हो, पण गोल तीन झाले.

ए-५०२ आजोबा: वा! आमच्या वेळी रोव्हर्स कपला कूपरेजवर असा गलका व्हायचा. ओर्के मिल, मफतलाल. फाटकाबाहेर उभं राहिलं तरी आवाजावरून गोल कुणी मारला ते कळायचं.

ए-२०१: काका, म्हणजे फायनलला पोचलो?

बी-६०४ काका: नाही बाळा. सेमी दोन मॅचची. दुसरी सोमवारी अंधेरीला. दोन्हींचे गोल मिळून हिशोब. आता बरोबरीसुद्धा चालेल.

ए-२०१: परक्या मैदानावर मारलेले तीन गोल डबल धरतात ना?

बी-६०४ काका: तो नियम आयएसएलने काढून टाकला, कधीच.

खजिनदार: एक शंका. मागे आपण म्हणाला होतात की मोहन बागानने लीग जिंकली. मग आता पुन्हा सेमी आणि फायनल कशाला?

बी-६०४ काका: आलात दुखऱ्या जागेवर. १५ तारखेला कोलकात्यात आम्हाला नुसती बरोबरी पुरत होती. २-१ हरलो. ते ४८, आम्ही ४७ गुण. लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याची शील्ड गेली, एका गुणाने. आता पहिल्या सहा टीमचं प्लेऑफ. पहिल्या दोन थेट सेमीत, बाकी चारांची आपसात एक-एक मॅच. जो शेवटी उरेल त्याला कप.

खजिनदार: म्हणजे २२ मॅच खेळून पहिला आलेला विजेता नाही? वर्षभराचा ताळेबंद एकीकडे आणि शेवटी सोडत काढायची. मला पटत नाही.

बी-६०४ काका: मागच्या वर्षी मी अगदी हेच बोलायचो. शील्ड आमची होती, दिमाखात. सेमीत बंगळुरूने पेनल्टीवर काढलं, ९-८. तेव्हा प्लेऑफ म्हणजे सोडतच वाटायची. यंदा शील्ड हुकली आणि माझं मत बदललं 😄 खोटं कशाला बोलू.

बी-६०४ काकू: ९-८ च्या रात्री हे जेवलेच नव्हते.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या ११ ते २ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

२९ एप्रिल, सोमवार

बी-६०४ काका (दुपारी ४.१०): अंधेरीला कुणी येतंय का? मेट्रोने आझाद नगर, तिथून पायी. ए-२०१, परीक्षा संपली ना?

ए-२०१: आईने हो म्हटलंय. ती इथे वाचतेय म्हणून लिहितो, डबा घेऊन येतो.

सी-१०३: म्हणजे आज इमारतीत शांतता? 🙏

बी-६०४ काका (रात्री ९.४५): २-०. पेरेरा डियाझ, छांगते. एकूण ५-२. फायनल!!! ए-२०१ चा घसा बसलाय, त्याच्या आईची क्षमा मागतो.

ए-५०२ आजोबा: तो भेके आपला मुंबईचाच ना? कप्तान?

बी-६०४ काका: हो आजोबा. गंमत ऐका. २०१९ ची फायनल याच अंधेरीच्या मैदानावर झाली आणि एक्स्ट्रा टाइममध्ये याच भेकेने हेडर मारून कप जिंकून दिला. बंगळुरूला. मी स्टँडमध्ये होतो. टाळ्या वाजवायच्या की नाही, कळेना. शेवटी वाजवल्या, हळूच.

ए-५०२ आजोबा: वाजवायच्याच.

३० एप्रिल

बी-६०४ काका: सेक्रेटरीसाहेब, शनिवारी ४ मेला कोलकात्यात बागानशी फायनल आहे. क्लबहाऊसचा मोठा पडदा मिळेल का?

सेक्रेटरी: आचारसंहिता लागू आहे. २० तारखेला मतदान. जमाव नको.

बी-६०४ काका: साहेब, मुंबई सिटी हा पक्ष नाही.

खजिनदार: आणि पडद्याचं भाडं? सभेत ठराव झालेला नाही.

सी-१०३: मिळू दे की. निदान ओरडणारे सगळे एका जागी असतील.

बी-६०४ काकू: पडदा घ्या खुशाल, पण हे नसतील. कोलकात्याचं तिकीट काढलंय.

बी-६०४ काका: काढलं खरं. २०२१ ला आपण शील्ड आणि कप दोन्ही जिंकले. फायनल याच बागानशी. पण कोविड होता, सगळे सामने गोव्यात, स्टेडियम रिकामं. बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा मी इथे सोफ्यावर, आणि तेव्हाचे सेक्रेटरी खालून विचारत होते, बेड हवाय का, ऑक्सिजन हवाय का. तो कप जिंकताना मी तिथे नव्हतो, तो अजून अर्धा वाटतो.

बी-६०४ काका: शिवाय हा सीझन पाहा. नोव्हेंबरात कोच बकिंगहॅम इंग्लंडला ऑक्सफर्ड क्लबकडे गेला. जानेवारीत खेळाडू स्टीवर्ट गेला. लोक म्हणाले संपलं. क्राटकी कोच म्हणून आला आणि त्यांनी रेटत इथपर्यंत आणलं. मी जायला नको?

खजिनदार: ज्या मैदानावर दोन आठवड्यांपूर्वी हरलात तिथेच, त्यांच्याच साठ हजार लोकांत? स्वखर्चाने?

बी-६०४ काका: हो.

खजिनदार: पडद्याचे माझ्याकडून ५००.

४ मे, शनिवार

ए-२०१ (रात्री ८.१७): कमिंग्स. ४४वं मिनिट. ०-१ 😭 काका, कसं आहे तिकडे?

ए-२०१: काका?

बी-६०४ काकू: नेटवर्क नसणार. संध्याकाळी फोटो आला होता, निळ्या जर्सीतली मूठभर माणसं, बाकी सगळं हिरवं-मरून.

ए-२०१ (८.४३): डियाझ!!! १-१

सेक्रेटरी: क्लबहाऊसमध्ये खुर्च्यांवर उभे राहू नये.

ए-५०२ आजोबा: तो तिरी मागे छान उभा आहे. पडद्याजवळ बसलोय म्हणून दिसतंय.

ए-२०१: आजोबा, हाच तिरी २०२१ ला बागानकडून खेळला होता आणि स्वतःच्याच गोलात बॉल घातला होता. आता आपला आहे 😂

ए-२०१ (९.११): बिपिन बिपिन बिपिन बिपिन २-१

खजिनदार: सी विंगमधून कोण ओरडलं? मी खाली आहे तरी ऐकू आलं.

सी-१०३: मी.

सी-१०३: बाळ जागंच होतं. टीव्ही लावला होता, आवाज बंद करून.

ए-२०१ (९.२९): वॉयटुश!! ९७वं मिनिट!! ३-१!! संपलं!!

बी-६०४ काका (११.५०): आत्ता रेंज आली. साठ हजार लोक गप्प झाले की कानात कसं होतं, ते मला सांगता येणार नाही. बिपिनचा गोल नीट दिसलासुद्धा नाही, समोर एक माणूस झेंडा धरून उभा होता. जाळी हलली तेवढी पाहिली. बाहेर पडताना एका बागानवाल्या आजोबांनी चहा पाजला. म्हणाले शील्ड आमची, कप तुमचा. मी म्हटलं आमचे खजिनदार तुमच्या बाजूचे आहेत.

खजिनदार: होतो. आज खुर्चीवर उभा होतो.

१८ मे, शनिवार

बी-६०४ काका (रात्री १०.४८): मतदानाच्या आठवणीआधी एक निरोप. आपला जुना कोच बकिंगहॅम. त्याच्या ऑक्सफर्डने आत्ता वेम्बलीवर प्लेऑफची फायनल जिंकली. बोल्टनला २-०, दोन्ही गोल जॉश मर्फीचे. २५ वर्षांनी वरच्या डिव्हिजनला गेले. आपल्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी.

सी-१०३: अच्छा, म्हणजे मघाशी तो आवाज तुमचाच होता.

सेक्रेटरी: सोमवारी सकाळी ७ पासून मतदान. लिफ्ट दोन्ही चालू राहतील. (मर्फीचा दुसरा गोल चांगला होता.)