हलक्या गाडीची चॅसी ताठ करायची तर तिरकस नळ्या की पत्रा?

धागाकर्ता
१९५७ च्या लोटस सेव्हन या हलक्या स्पोर्ट्स कारसारख्या, नळ्या जोडून केलेल्या गाडीची चॅसी, म्हणजे तिचा मूळ सांगाडा, वळणावर पिळली की चाकांचे कोन ठरवल्याप्रमाणे राहत नाहीत आणि सस्पेन्शनवरची सारी मेहनत वाया जाते. माझ्या मते प्रत्येक चौकोनात तिरकस नळी घालणे हाच पहिला उपाय आहे. नुसता चौकोन केवळ सांध्यांच्या जोरावर उभा असतो. तिरकस नळी पडताच भार तिच्या लांबीच्या दिशेने जातो, आणि त्या दिशेने बारीक नळीही फार ताठ असते.

प्रतिसाद १
तत्त्व मान्य आहे, पण माणसे बसतात ती आणि इंजिन वर काढावे लागते ती, अशा दोन मोठ्या उघड्या जागांत तुम्ही ही नळी कुठे घालणार? मर्सिडीज ३०० एसएलमध्ये नळ्यांची चौकट बाजूला उंच ठेवावी लागली, म्हणून तिचे दरवाजे वर उघडणारे झाले. त्यापेक्षा पत्र्याची बंद पेटी बरी. तिचा पिळाविरुद्धचा ताठपणा तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, मात्र एक कड उघडी राहिली तर तो जवळजवळ नाहीसा होतो. खुद्द लोटसने १९६२ च्या एलान गाडीला पोलादी पत्र्याचा बंद कणा दिला आणि १९९६ च्या एलिसची सुमारे ६८ किलोंची चॅसी अॅल्युमिनियमचे भाग इपॉक्सी गोंदाने चिकटवून केली. म्हणून गिअरबॉक्सवरचा बोगदा आणि दाराखालच्या बाजू पत्र्याने पूर्ण बंद कराव्यात.

प्रतिसाद २
एवढे करण्यापेक्षा क्रोमोलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या) नळ्या का वापरू नयेत?

प्रतिसाद १
क्रोमोली अधिक मजबूत आहे, अधिक ताठ नाही. साध्या पोलादाचा आणि तिचा लवचिकता गुणांक (धातूच्या ताठपणाचे माप) जवळपास सारखाच आहे. तेवढ्याच वजनात व्यास दुप्पट आणि जाडी निम्मी केली, तर मात्र नळीचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा सुमारे चौपट होतो.

धागाकर्ता
एलिस कारखान्यात, पृष्ठभागावर नीट प्रक्रिया करून चिकटवली जात असे. घरच्या शेडमध्ये पोलादी नळीवर नुसत्या रिव्हेटने ठोकलेला अॅल्युमिनियमचा पत्रा ही वेगळीच गोष्ट आहे. पाणी शिरले की दोन धातूंच्या सांध्यात अॅल्युमिनियम गंजते, रिव्हेट सैल होतात आणि पत्र्याआड तडकलेले वेल्डिंग दिसतही नाही. बोगद्याबाबत तुमचे म्हणणे मला पटते, बाकी ठिकाणी नाही. पत्रा लावण्याआधी चॅसीचे मागचे टोक जखडावे, पुढे तरफेने पीळ द्यावा आणि लांबीभर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारी मापके) लावून मोजावे. ज्या दोन गेजांमध्ये कोन एकदम वाढतो, ताठपणा तिथेच कमी आहे आणि वजनही तिथेच घालावे.

प्रतिसाद १
मोजा जरूर, पण ती वाढ बैठकीच्या जागीच दिसेल, आणि तिथे तुमची तिरकस नळी बसणार नाही.