पावसाळी हगवण: डॉक्टरांच्या उजळणीत काय घ्यावं?

प्रश्न (धारणी तालुका): मेळघाटातल्या केंद्रांच्या डॉक्टरांची तासाभराची उजळणी घ्यायची आहे. लेकरांच्या जुलाबात चुका नेमक्या कुठं होतात?

उत्तर १: ओआरएस कालवण्यात! पाकीट 1 लिटरचं, घरी मात्र अर्धं एका गिलासात. मग रक्तातलं सोडियम वाढतं. आईकडून मोजून करवून घ्या. पाणी थोडं कमी झालेल्या लेकराला किलोमागे 75 मिली, 4 तासांत. 8 किलोला 600. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबा, मग चमच्यानं हळूहळू.

उत्तर २: झिंक विसरू नका. जुलाब थांबले की गोळी सुटते. 14 दिवस पूर्ण हवेत. 2 ते 6 महिने 10 मिग्रॅ, पुढे 20. पाण्यासारख्या साध्या जुलाबाला अँटिबायोटिक कशाला? शौचात रक्त असेल तर गोष्ट वेगळी.

उत्तर ३: अंगातलं पाणी किती कमी झालंय ते बघायला चिमटा पोटाच्या कातडीचा घ्या. कातडी परत बसायला 2 सेकंदांहून जास्त लागले, लेकरू सुस्त, पीत नाही, तर सलाईन लगेच. पण आपल्याकडं कुपोषित पोरं. त्यांच्यात चिमटा फसवतो. तिथं शॉक (अंगाचा रक्तपुरवठा ढासळणं) नसेल तर सलाईन नको, तोंडावाटेच, सावकाश. नाहीतर हृदयावर भार येतो.