‘पोर्ट’ला मराठीत काय म्हणावे: बंदर, दार, खिडकी की पोर्टच?

अनुवादिका
तालुक्याच्या गावी चालणाऱ्या एका वर्गासाठी मी संगणकाच्या जाळ्यांविषयीची प्राथमिक टिपणे मराठीत करीत आहे. मुले नुकतीच बारावी झालेली आहेत आणि त्यांना एथिकल हॅकिंगकडे, म्हणजे मालकाच्या परवानगीने केल्या जाणाऱ्या सुरक्षा-तपासणीकडे वळायचे आहे. आयपी ॲड्रेसला, म्हणजे जाळ्यातले यंत्र ओळखण्याच्या क्रमांकाला, ‘पत्ता’ म्हणताना काहीच अडले नाही, ‘पोर्ट’पाशी मात्र अडले. यांत्रिक भाषांतरात त्याचे ‘बंदर’ झाले आणि ‘क्लोज्ड पोर्ट’चे ‘बंद बंदर’. ते काढून मी ‘पोर्ट’च ठेवले, तर पहिल्याच तासाला एका मुलाने विचारले, “आमच्या राउटरच्या मागे चारच पोर्ट आहेत, मग तुम्ही म्हणता ते ६५,५३५ कुठे असतात?” प्रश्न अगदी रास्त होता, कारण केबल जोडायची जागा आणि पॅकेटवर (जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यावर) लिहिलेला कामाचा क्रमांक या दोहोंना एकच शब्द आहे. दुसऱ्या अर्थासाठी वेगळा मराठी शब्द कोणी वापरला आहे का? शिवाय एनमॅप हे साधन पोर्टची अवस्था ‘ओपन’, ‘क्लोज्ड’ किंवा ‘फिल्टर्ड’ अशी सांगते. शेवटच्या दोहोंतला फरक मराठीत कसा राखावा?

टपालकी
माझी सारी नोकरी टपाल कचेरीत झाली, त्यामुळे मला ‘खिडकी’ हा शब्द सुचतो. इमारतीचा पत्ता एकच असतो, पण तिकिटांची खिडकी वेगळी, मनिऑर्डरची वेगळी आणि बचत खात्याची वेगळी. पत्ता बरोबर असूनही माणूस चुकीच्या खिडकीपुढे उभा राहिला तर त्याचे काम होत नाही. संकेतस्थळासाठी ८० किंवा ४४३, दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याच्या एसएसएचसाठी २२, हे मला तसेच खिडकी क्रमांक वाटतात. आपल्या विद्यार्थ्याला ‘केबलची जागा म्हणजे पोर्ट, कामाचा क्रमांक म्हणजे खिडकी’ असे सांगितले तर गोंधळ राहणार नाही.

किनारपट्टी
‘बंदर’ इतक्या घाईने टाकून देऊ नये, असे मला मनापासून वाटते. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर कोल बंदर, लकडी बंदर अशी मालावरून पडलेली नावे आहेत. शहर एकच, पण कोळसा उतरायचा तो एका बंदरावर आणि लाकूड दुसऱ्या. ठरावीक कामासाठी ठरावीक पोर्ट, हीच तर कल्पना आहे. ज्यांचे लहानपण खाडीकाठी गेले त्यांना या शब्दात काहीच परके वाटत नाही. यंत्राने शब्द न समजता दिला असेल, पण म्हणून तो शब्द चूक ठरत नाही.

मूळशोध
इंग्रजीत ‘पोर्ट’ या एकाच रूपात दोन लॅटिन शब्द येऊन मिळाले आहेत: ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर आणि ‘पोर्ता’ म्हणजे दरवाजा. यंत्राच्या अंगावरच्या जोडणीच्या जागेचा अर्थ मला ‘पोर्ता’च्या जवळचा वाटतो, म्हणून प्रतिशब्द दरवाजाच्या कुळातला हवा. माझी सूचना ‘दिंडी’. वाड्याचा किंवा गडाचा महादरवाजा लावलेला असताना त्यातलेच एक लहान दार उघडून नेमक्या माणसाला आत घेतात, त्याला दिंडी म्हणतात. फायरवॉल, म्हणजे जाळ्यातली ये-जा तपासणारी राखण, बाकी सारे अडवून एखादेच पोर्ट मोकळे ठेवते, त्याला याहून नेमका शब्द आपल्याकडे नाही.

रोजचेमराठी
दिंडी म्हटल्यावर आजच्या मुलाला आषाढीची वाटचाल आठवेल. खिडकी म्हटल्यावर पडद्यावरची विंडो आठवेल. त्या मुलांना उद्या इंग्रजी पडद्यावर ‘पोर्ट’ असेच दिसणार आहे. त्यांना दोन शब्द पाठ करायला लावून आपण कोणाचे भले करतो? टेबल, पेन्सिल, तिकीट यांच्यासारखाच ‘पोर्ट’ही मराठीच आहे.

मूळशोध
असेच म्हणत राहिलो असतो तर ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द रुजलेच नसते. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावासा वाटला, तो याच जाणिवेतून.

रोजचेमराठी
त्या काळात पेशव्याला ‘मुख्यप्रधान’ हा शब्द दिला गेला, तरी इतिहासात आणि लोकांच्या तोंडी ‘पेशवा’च राहिला. आणि वर ज्याचा एवढा कैवार घेतला गेला, ते ‘बंदर’ही फारसीच आहे.

जाळेदुरुस्ती
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग मागे पडतो आहे, आणि नवशिक्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. ‘क्लोज्ड’ म्हणजे निरोप यंत्रापर्यंत पोहोचला आणि यंत्राने स्वतः उत्तर दिले की या क्रमांकावर ऐकणारे कोणी नाही. टीसीपीमध्ये, म्हणजे आधी जोडणी करून निरोप पाठवण्याच्या पद्धतीत, हे उत्तर ‘रीसेट’च्या रूपाने येते. ‘फिल्टर्ड’ म्हणजे वाटेतल्या कोणीतरी निरोप अडवला, त्यामुळे पलीकडे काय आहे ते कळलेच नाही. टपालकींच्या भाषेत, पहिल्या वेळी खिडकीवर पाटी दिसते, दुसऱ्या वेळी फाटकाच्या आतच जाता येत नाही. मी काही वर्षे ‘गाळलेले पोर्ट’ असे शिकवीत होतो, परंतु ‘गाळलेल्या जागा भरा’ लिहीत मोठ्या झालेल्या मुलांनी त्याचा अर्थ ‘तपासायचे राहून गेलेले’ असा घेतला आणि अहवालात तसेच लिहिले. चूक माझ्या शब्दाची होती, त्यांची नव्हे.

टपालकी
मग ‘अनुत्तरित’ म्हणावे काय?

जाळेदुरुस्ती
नाही, कारण फायरवॉल काही वेळा गप्प न राहता ‘मनाई आहे’ असा आयसीएमपी निरोप (जाळ्यातल्या अडचणी कळवणारा निरोप) पाठवते आणि एनमॅप त्यालाही ‘फिल्टर्ड’च म्हणते. म्हणून मी आता ‘अडवलेले’ वापरतो, त्यात दोन्ही प्रकार मावतात. यूडीपीत, म्हणजे जोडणी न करता निरोप नुसता धाडून देण्याच्या पद्धतीत, तर अडचण आणखी वाढते: तिथे उघडे पोर्टही पुष्कळदा काहीच बोलत नाही, म्हणून एनमॅपला ‘उघडे किंवा अडवलेले’ असे दोन्ही लिहावे लागते. शिवाय टीसीपीचे ५३ आणि यूडीपीचे ५३ हे क्रमांक एकच दिसले तरी पोर्ट दोन आहेत, तेव्हा ‘खिडकी’ची उपमा इथे थोडी ताणली जाते.

टपालकी
ताणली जाते असे मला वाटत नाही. एकाच नावाने साधे पत्रही येई आणि रजिस्टरही येई. रजिस्टरची पोच घेतली जाई, साध्या पत्राची घेत नसत. टीसीपीत निरोप मिळाल्याची जी कबुली द्यावी लागते तिला ‘पोच’ म्हणता येणार नाही काय? जोडणीच्या आरंभी एकाने मागणी करायची, दुसऱ्याने तिची पोच देऊन आपली मागणी पुढे करायची आणि पहिल्याने त्या मागणीची पोच द्यायची, असे ते तीन टप्पे होतील.

किनारपट्टी
‘पोच’ मला मान्य आहे, ‘खिडकी’ नाही.

अनुवादिका
सर्वांचे आभार. ‘अडवलेले’ आणि ‘पोच’ हे दोन्ही शब्द मी आजच टिपणांत घातले, आणि जोडणीच्या त्या आरंभाला, इंग्रजीतल्या ‘हँडशेक’ला, मी दिलेला ‘हस्तांदोलन’ हा शब्द काढून तीन टप्प्यांचे ते वाक्य जवळजवळ जसेच्या तसे घेतले. राउटरमागच्या चार जागांना काय म्हणावे, हे मात्र मला अजून उमगलेले नाही, आणि तो मुलगा सोमवारी पुन्हा समोर बसणार आहे.

मूळशोध
‘खोबण’ कसा वाटतो?